मोती शेतीसाठी तलावातले शिंपले: परवानगी, मोजणी आणि हातानं काढण्याची पद्धत

मोती शेतीच्या प्रशिक्षणात, ज्याभोवती मोती तयार होतो तो मणी शस्त्रक्रियेनं जिवंत शिंपल्यात कसा बसवायचा हे नीट शिकवतात. शिंपले कुठून आणायचे याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा दोन शब्दांत मिळतं: ‘तलावातून गोळा करा.’ नागपूर, भंडारा, गोंदिया भागात तलावांना तोटा नाही, त्यामुळे ते सोपंही वाटतं. मग चार माणसं सकाळी पाण्यात उतरतात, दुपारपर्यंत दोन पोती भरतात. आठवड्याभरात त्यातला बराच माल टाकीत तोंड उघडून मरतो, आणि त्या काठावर पुढची कित्येक वर्षं हाताला शिंपला लागत नाही. शस्त्रक्रियेचा हात बसला नाही म्हणून मोती शेती फसते, तशी शिंपला चुकीच्या रीतीनं उचलला म्हणूनही फसते. हे दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही.

गोड्या पाण्यातल्या मोत्यासाठी आपल्याकडे मुख्यतः तीन जातींचे शिंपले वापरतात: लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लॅमेलिडेन्स कोरिअ‍ॅनस आणि पॅरेसिया कोरुगाटा. पहिला सगळ्यांत जास्त वापरला जातो. लांबट, बाहेरून काळपट-तपकिरी, आतून चकचकीत. तळाच्या मऊ गाळात अर्धा रुतून बसतो आणि पाणी आत ओढून त्यातलं शेवाळ गाळून खातो.

त्याचं पिल्लू कसं तयार होतं हे कळल्याशिवाय पुढची कोणतीच पायरी पटणार नाही. मादीच्या कल्ल्यांत अंडी वाढतात, त्यातून डोळ्याला जेमतेम दिसतील अशा अळ्या पाण्यात सुटतात आणि त्यांना माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटावं लागतं. काही दिवस माशाच्या अंगावर काढले की त्या गळून तळाशी पडतात आणि तिथं शिंपला होतो. मासा भेटला नाही तर अळी मरते. म्हणजे ज्या तलावातले मासे गेले, तिथं म्हातारे शिंपले काही वर्षं दिसत राहतील, पण नवे होणार नाहीत. हाताला सगळे मोठेच लागत असतील आणि बोटाएवढा एकही नसेल, तर ‘माल चांगला आहे’ असं समजू नका. त्या तलावात पिढी थांबली आहे. तिथून एकही उचलू नये.

आधी कागद, मग पाणी

तलाव कोणाचा आहे हे गावात विचारून भागत नाही. नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, रामटेक, मौदा, कुही, उमरेड, भिवापूर इथं माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. आज साधारणपणे लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आणि मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. काही ग्रामपंचायतीचे, काही शेतकऱ्यांच्या खासगी मालकीचे. तलाठ्याकडे सातबारा पाहिला की मालकी समजते.

मालकी एकाची आणि मासेमारीचा हक्क दुसऱ्याचा, असं बहुतेक तलावांत असतं. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि संस्थेचे सभासद बहुधा ढिवर किंवा भोई समाजाचे असतात. ठेका माशांचा आहे, शिंपल्यांचा उल्लेख कागदात नाही, मग शिंपले मोकळेच, असा अर्थ काढून कोणी पाण्यात उतरू नये. संस्थेचं मत्स्यबीज त्या पाण्यात सोडलेलं असतं. अनोळखी माणसं जाळीच्या पट्ट्यात पाय घालताना दिसली की भांडण होतं, आणि ते भांडण रास्त असतं. संस्थेच्या अध्यक्षांना आणि सचिवांना भेटा, किती शिंपले, कोणत्या काठावरून, कोणत्या तारखांना, हे लिहून द्या, आणि संस्थेच्या शिक्क्याचं संमतीपत्र घ्या. त्याची एक प्रत तलावाच्या मालक विभागाकडे आणि एक जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या.

दुसरा कागद जैवविविधतेचा. व्यापारासाठी जैविक संसाधन गोळा करणाऱ्यानं राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं, असं २००२ च्या जैविक विविधता कायद्याचं ७ वं कलम सांगतं. स्थानिक लोकांना त्यात सूट आहे. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला तिच्या हद्दीतून व्यापारासाठी गोळा केलेल्या मालावर शुल्क घेता येतं, ते ४१ व्या कलमानं. नागपूरकरांची सोय अशी की मंडळाचं मुख्यालय शहरातच आहे. तुम्ही गावचे रहिवासी असाल, शहरातून जाणारे असाल किंवा कंपनीच्या नावानं काम करणार असाल, तर तुम्हाला नेमकं काय लागू होतं हे तिथं अर्ज देऊन लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

जंगलातलं पाणी वेगळं. पेंच व्याघ्र प्रकल्पातला तोतलाडोह जलाशय, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातली तळी, इथं हात घालायचाच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित क्षेत्रातून काही उचलणं हा गुन्हा आहे. राखीव वनातल्या मासेमारीवर १९२७ च्या वन कायद्याची बंधनं आहेत. पण एखाद्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळालेले असतील, तर त्यात मासे आणि जलाशयातली इतर उत्पादनं येतात, म्हणून तिथं परवानगीसाठी पहिलं दार ग्रामसभेचं. पाण्यात स्फोटक किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ पासून बंदी आहे. तसं कुठं चालत असेल तर त्या तलावातले शिंपलेही घेऊ नका. विषाचा पहिला मार तळावरच बसतो.

शहरातल्या तलावांबद्दल एवढंच: अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर इथले शिंपले उचलू नयेत. शिंपला पाणी गाळतो, त्यामुळे सांडपाण्यातले जड धातू त्याच्या मांसात साठतात. असा शिंपला ताण सहन करत नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या बंधाऱ्यांखालचे नालेही टाळा. राखेचा बारीक गाळ कल्ल्यांत बसतो आणि शिंपला बाहेरून धडधाकट दिसत असूनही टाकीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतो.

कधी उतरायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि मग पुन्हा फेब्रुवारीत. पावसाळ्यात काठ गढूळ असतो, तळ चाचपता येत नाही आणि प्रजननही जोरात असतं. ऑक्टोबरात धानाला शेवटचं पाणी सुटतं, पातळी थोडी उतरते आणि काठाचा पट्टा कमरेइतक्या पाण्यात येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत नागपुरात रात्रीचं तापमान बऱ्याचदा १० अंशांच्या खाली जातं. थंड पाण्यात शिंपल्याची हालचाल मंदावते आणि शस्त्रक्रियेची जखम भरायला वेळ लागतो. मार्चनंतर उतरूच नका. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या पुढं जातो, काठाचं उथळ पाणी तापतं आणि आधीच तापलेला शिंपला पोत्यात घातला की संपला.

एक अपवाद आहे. एप्रिलमध्ये तलाव आटत जातो तेव्हा काही शिंपले कोरड्या चिखलावर उघडे पडतात, बगळे आणि कावळे ते फोडतात. हे पहाटे उचलून खोल भागात नेऊन सोडावेत, मोतीसाठी नेऊ नयेत. चिखलात पूर्ण रुतलेले तर उकरूच नयेत. ओल टिकली तर त्यातले बरेच पावसापर्यंत तग धरतात.

मोजल्याशिवाय उचलायचं नाही

ही पायरी सगळे टाळतात, आणि सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे. बांबूच्या कामट्या बांधून १ मीटर बाय १ मीटरची चौकट करा. पाळीच्या कडेनं ज्या पट्ट्यात तळ मऊ आहे आणि पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत आहे, तेवढाच पट्टा धरा. शिंपले सहसा तिथंच दाटीनं असतात. बेशरमीच्या झुडपांखाली काळा, कुजका, वास येणारा गाळ असतो, तिथं वेळ घालवू नका. देवधान किंवा इतर स्थानिक पाणवनस्पती जिथं विरळ उगवलेल्या असतात, त्याच्या पुढचा भाग चांगला.

चौकट २० ठिकाणी टाका. जागा आधी ठरवा, दर १० मीटरला एक, पायाला शिंपले लागले म्हणून तिथं टाकू नका, नाहीतर आकडा फुगतो. प्रत्येक चौकटीत हातानं तळ चाचपून जिवंत शिंपले मोजा, लांबी पाहा आणि जागेवर परत ठेवा.

समजा पट्टा २०० मीटर लांब आणि सरासरी ६ मीटर रुंद आहे. म्हणजे १,२०० चौरस मीटर. २० चौकटींत मिळून ३४ जिवंत शिंपले लागले, त्यातले १४ तुम्हाला हव्या त्या मापाचे. चौरस मीटरला ०.७ या हिशेबानं पट्ट्यात अंदाजे ८४० शिंपले मापात बसतात. त्यातला दहावा हिस्सा म्हणजे ८४. एवढेच उचलायचे. दहा टक्के ही कायद्यातली मर्यादा नाही, सावध अंदाज आहे. पण शिंपला मापाचा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि अळ्यांतल्या अगदी थोड्याच जगतात, म्हणून त्याहून वर जाऊ नये.

हा हिशेब केला की पहिल्याच वर्षी ५,००० शिंपल्यांचे प्रकल्प अहवाल किती पोकळ असतात ते दिसतं. ५०० हवे असतील तर असे सहा पट्टे लागतील. नव्या माणसानं १०० पासून सुरुवात करावी. वाढीच्या तळ्यात हेक्टरी २० ते ३० हजार शिंपले ठेवतात, म्हणजे चौरस मीटरला दोन-तीन. १०० शिंपल्यांना ४० ते ५० चौरस मीटर पाणी पुरतं. उचलल्यानंतर तो पट्टा तीन वर्षं बंद ठेवायचा. तलावाच्या काठाचे चार भाग करून दर वर्षी एक भाग फिरवत ठेवला की हे आपोआप जमतं. संस्थेला हे नकाशावर खूण करून दाखवलं तर पुढच्या वर्षीची परवानगी सोपी जाते.

माप: खालीही आणि वरही

८ सेंटीमीटरपेक्षा लहान नको. लहान शिंपल्याचं तोंड पुरेसं उघडत नाही आणि मणी बसवताना स्नायू फाटतो. ८ ते १० सेंटीमीटर, वजन ५० ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं जास्त, हे योग्य माप. ११ सेंटीमीटरच्या वरचाही नको, कारण म्हातारा शिंपला चकाकीचा थर हळू चढवतो, आणि अंडी मात्र सगळ्यांत जास्त त्याचीच असतात. लाकडी फळीला ८ आणि ११ सेंटीमीटरच्या दोन खाचा पाडा आणि ती दोरीनं गळ्यात अडकवा. पाण्यात उभं राहूनच माप घ्यायचं आणि नको तो तिथंच परत ठेवायचा. पोतं काठावर रिकामं करून मग निवडत बसलं तर लहान शिंपले उन्हात मरतात किंवा कोणीतरी मूठभर उचलून कुठंही भिरकावतं.

खालचं आणि वरचं दोन्ही माप का, हे समुद्रातल्या एका धंद्यानं फार महागात शिकवलं. अमेरिकेच्या मेन राज्यात पाणबुडे समुद्रतळावरून सी अर्चिन हातानं गोळा करतात. हा काट्यांचा गोल प्राणी, आणि त्याच्या आतल्या पिवळ्या जननग्रंथींना जपानी बाजारात मोठी किंमत. १९८० च्या दशकाच्या शेवटी ही मागणी आली, १९९३ च्या सुमारास एका वर्षात जवळपास ४ कोटी पौंड माल निघाला, आणि मग तळ रिकामा होत गेला. आज त्याचा लहानसा अंशच मिळतो. आता तिथं परवाने मर्यादित आहेत, दिवस ठरलेले आहेत आणि काटे सोडून मोजलेलं माप २ १/१६ इंचांपेक्षा कमी नको आणि ३ इंचांपेक्षा जास्तही नको. मोठे राखले तर बी टिकतं. हे नियम तळ रिकामा व्हायच्या आधी नव्हते. आपल्या तलावांवर शिंपल्यासाठी असं माप कोणी ठरवून दिलेलं नाही, म्हणून ते उचलणाऱ्यानंच पाळायचं आहे.

गोड्या पाण्यातही हेच घडलं आहे. मिसिसिपीच्या खोऱ्यात १८९० च्या दशकापासून शिंपल्यांची बटणं करायचे, आयोवातलं मस्कॅटिन गाव त्यावर उभं राहिलं, आणि नदीचे पट्टेच्या पट्टे ओस पडले. पुढं टेनेसीसारख्या नद्यांत पाणबुडे शिंपले काढू लागले ते जपानी मोत्यांच्या पोटातल्या मण्यासाठी. तो मणी अमेरिकी शिंपल्याच्या जाड कवचातून कोरलेला असतो.

हाताची पद्धत

पहाटे सहा-साडेसहाला सुरुवात करा आणि नऊला काम थांबवा. रबरी तळव्याचे बूट घाला, फुटक्या शिंपल्याची कड ब्लेडसारखी कापते आणि गुरं धुतली जातात त्या पाण्यात कापलेल्या पायानं उतरणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला बोलावणं. जखम असेल तर त्या दिवशी काठावर थांबून नोंदी लिहा.

पाय ओढत, तळ न ढवळता सावकाश चाला. रुतलेला शिंपला तळव्याला एखाद्या उभ्या रुपयासारखा लागतो, कड वर. पाणी स्वच्छ असेल तर गाळावर एक उथळ रेघ दिसते आणि रेघेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन फटी. शिंपला त्यातूनच पाणी आत-बाहेर करतो. सावली पडली की फटी मिटतात. तेव्हा लगेच ओढू नका. शिंपल्याचा मांसल पाय खाली गाळात पसरलेला असतो. झटका दिला तर पाय तुटतो किंवा आतला पडदा फाटतो, आणि असा शिंपला चार दिवसांत जातो. बोटं दोन्ही बाजूंनी गाळात घाला, कवच फक्त हलकेच दाबा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. पाय आत घेतल्याचं बोटांना स्पष्ट जाणवतं, पकड एकदम सैल होते. मग सरळ वर उचला. पिळू नका, बिजागरीकडून धरू नका.

पाण्यातच तीन गोष्टी तपासा. कवच घट्ट मिटलेलं हवं. दोन शिंपले एकमेकांवर हलकेच वाजवले की भरीव आवाज यायला हवा. पोकळ वाजला तर आत गाळ किंवा मेलेलं मांस आहे. बिजागरीपाशी भेग नको. फुटकं टोक थोडं असलं तरी चालत नाही.

बुडी मारायची नाही. हे ठासून लिहायला हवं, कारण ‘खोल पाण्यात मोठा माल असतो’ असं म्हणून पोरं दम धरून खाली जातात. हव्या त्या मापाचे शिंपले छातीइतक्या पाण्यात मिळतात आणि खोल पाण्यातले हेच तुमचं बी आहे. जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारणं सगळ्यांत घातक, कारण त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, वर यायची इच्छाच उशिरा होते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. त्याला कळतही नाही. समुद्रातले पाणबुडे कंप्रेसरची नळी किंवा टाकी लावून काम करतात, त्यांना त्याचं प्रशिक्षण असतं आणि वर नावेत माणूस असतो. मामा तलावाच्या गढूळ पाण्यात, जुन्या जाळ्या आणि झाडांच्या बुंध्यांमध्ये ती साधनं नेऊन उपयोग नाही. दोघांपेक्षा कमी माणसांनी उतरू नये, एक माणूस दोर घेऊन काठावर हवा, आणि पाणी सोडायच्या दारापासून दूर राहा. दार उघडलं की तिथं ओढ जोरदार असते.

मजुरी शिंपल्यामागे देऊ नका, दिवसाची द्या. नगावर पैसे ठरले की हात लहान-मोठं पाहत नाही, झटका मारून उपटतो आणि ८४ ची मर्यादा दुपारपर्यंत ३०० होते. तळ ओळखणारी माणसं म्हणजे संस्थेचे ढिवर बांधव. कोणत्या काठावर पिल्लं आहेत हे त्यांना पायानं माहीत असतं. त्यांना दिवसाचं काम आणि मोजणीच्या दिवसाचीही मजुरी दिली तर चौकट टाकण्याचं काम ते सगळ्यांत नीट करतात.

घरापर्यंत

शिंपला पाण्याबाहेर काही तास सहज राहतो, गरम जागी मात्र तासभरही नाही. तलावाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टोपलीत पसरा, शिंपले एकाच थरात, फार तर दोन थरांत आडवे ठेवा, वर पुन्हा ओलं गोणपाट. बंद प्लास्टिकच्या पिशवीत नको, बर्फ नको, मोटारसायकलच्या डिकीत तर मुळीच नको. पाण्यानं भरलेल्या बादलीत नेले तर त्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सगळे एकदम तोंड उघडतात. मौद्याहून किंवा कुहीहून नागपूरपर्यंतच्या प्रवासात एकदा गोणपाट ओलं केलं की पुरे. दहाच्या आत पोहोचायचं.

टाकीतलं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं असावं, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं कल्ले भाजतात. टाकी आणि तलाव यांच्या पाण्यात ३-४ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर टोपली आधी अर्धा तास टाकीशेजारी सावलीत ठेवा, तलावाचं पाणी वरून शिंपडत राहा. मग १ लिटरला १ शिंपला या हिशेबानं दोन-तीन दिवस दाटीवाटीनं ठेवा. दाटीनं स्नायू सैल पडतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तोंड उघडणं सोपं जातं. मऊ शिंपल्याला उघडायला जोर लागत नाही. या दिवसांत खाणं देऊ नका, पोट रिकामं झालं तर जखमेत घाण कमी जाते.

दर सकाळी आणि संध्याकाळी टाकीत बोट फिरवा. उघडा शिंपला बोट लागताच मिटला नाही, तर तो काढून टाका, त्याच क्षणी. एक मेलेला शिंपला रात्रभरात टाकीचं पाणी सडवतो आणि शेजारच्या दहांना नेतो. पहिल्या दोन दिवसांत १०० पैकी पाच-सहांपेक्षा जास्त मेले तर चूक टाकीत नाही, उचलण्यात किंवा वाटेत आहे. मेलेले उघडून पाहा: पाय तुटलेला दिसला तर हात झटक्याचा होता, कल्ले पांढुरके आणि चिकट असतील तर माल वाटेत तापला, कल्ल्यांत राखाडी गाळ घट्ट बसलेला असेल तर तलावच चुकीचा निवडला. कल्ले फुगलेले, पिवळट आणि जाड असतील तर त्या माद्या अळ्यांनी भरलेल्या होत्या. अशा जिवंत सापडल्या तर त्याच दिवशी तलावात परत न्या.

मण्याची शस्त्रक्रिया हा वेगळा, मोठा विषय आहे. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत, म्हणजे सीफामध्ये, तिचं प्रशिक्षण मिळतं. उचलण्याशी तिचा संबंध एवढाच की तोंड साधारण १ सेंटीमीटरच उघडायचं असतं, आणि झटका बसलेला शिंपला तेवढंही सहन करत नाही. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस जाळीच्या पिशव्यांत देखरेखीखाली, मग दोन-दोन शिंपले एका पिशवीत घालून सुमारे १ मीटर खोलीवर टांगून १२ ते १८ महिने. तेवढ्यात नागपूरचा एक पूर्ण उन्हाळा येतो. वाढीच्या तळ्यात उन्हाळ्यात किमान दीड-दोन मीटर पाणी राहणार नसेल, तर तलावातून शिंपला काढूच नका.

शिंपले, प्रशिक्षण आणि ‘मोती आम्हीच विकत घेऊ’ अशी हमी एका पाकिटात विकणाऱ्यांचा माल घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे शिंपले कोणत्या तलावातून, कोणत्या संमतीपत्रावर उचलले? उत्तर नसेल तर तो कोणाच्या तरी तलावाचा तळ खरवडून आणलेला माल आहे.

वहीत प्रत्येक फेरीची एक ओळ हवी: तारीख, तलाव आणि काठाचा भाग, चौकटींतली संख्या, उचललेले, पाण्यातच परत ठेवलेले, टाकीत मेलेले. शस्त्रक्रियेआधी बाजूला काढलेले जिवंत शिंपले त्याच तलावात, त्याच भागात परत सोडायचे, दुसऱ्या तलावात नाही. त्यांच्यासोबत परजीवी आणि रोग जातात. पाण्यात फेकू नका. मऊ गाळावर आडवे ठेवा आणि काठावर थोडं थांबा. निरोगी शिंपला पाय बाहेर काढतो, आधी गाळ चाचपतो, मग स्वतःला उभं करून हळूहळू आत ओढून घेतो. बराच वेळ झाला तरी जो आडवाच पडून आहे, तो परत उचलून वहीत मेलेल्यांत लिहा.